उच्च श्रेणीच्या बेस गिटारवरील टोन कंट्रोल : प्रत्येक नॉबचे शून्य कसे शोधावे

पहिली ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेली, बेस गिटार माझ्या हातात आली तेव्हा तिच्यावर पाच नॉब आणि दोन लहान स्विच होते. त्याआधीची सारी वर्षे मी तीन नॉबांच्या साध्या, बॅटरी नसलेल्या पॅसिव्ह वाद्यावर काढली होती. जुन्या सवयीने मी पाचही नॉब शेवटपर्यंत उघडून ठेवले, कारण पॅसिव्ह गिटारवर पूर्ण उघडा नॉब म्हणजे पिकअपचा मूळ आवाज, हे अंगवळणी पडले होते. पुढचे जवळजवळ दोन महिने खालच्या तारा घुमत राहिल्या, वरच्या तारांचा खडखडाट कानाला टोचत राहिला आणि मी दोष कधी ॲम्पला, कधी नव्या तारांना, कधी खोलीला देत राहिलो. एके दिवशी वाद्य पुसताना ट्रेबलचा नॉब फिरला आणि मधोमध बोटांना एक बारीकसा खटका जाणवला. तो खटका म्हणजे त्या नॉबचे शून्य होते. तिथून उजवीकडे वाढ आणि डावीकडे घट. मी दोन महिने खर्ज, मध्य आणि वरचा पट्टा असे तिन्ही पट्टे कमाल मर्यादेपर्यंत फुगवून वाजवत होतो.

महागड्या बेस गिटारवरचे नॉब संख्येने जास्त असतात म्हणून ते अवघड वाटतात, असा समज आहे. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. एकाच वाद्यावर दोन-तीन निरनिराळ्या जातींचे नॉब शेजारी शेजारी बसवलेले असतात, दिसायला ते सारखेच असतात आणि प्रत्येक जातीचे शून्य वेगळ्या जागी असते. कुठे ते पूर्ण उजवीकडे असते, कुठे मध्यावर, तर कुठे पूर्ण डावीकडे. त्यामुळे कोणताही आवाज घडवायला बसण्यापूर्वी आपल्या वाद्याचे तटस्थ स्थान शोधून ते पाठ करणे हे पहिले काम आहे. या लेखातील बहुतेक पायऱ्या त्या एका कामाभोवतीच फिरतात.

शब्दांबाबत एक खुलासा. वाद्यालाही आपण बेस म्हणतो आणि खालच्या पट्ट्यालाही बेस म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. या लेखात वाद्याला सर्वत्र बेस गिटार म्हटले आहे आणि खालच्या कंपनसंख्यांच्या पट्ट्याला खर्ज. नुसता बेस हा शब्द वाद्यांच्या मॉडेलांच्या नावांत किंवा खर्जाच्या नॉबचे नाव म्हणूनच येतो.

सिग्नलची वाट

तार हलते, पिकअपमधील चुंबक आणि वेटोळे त्या हालचालीचे विजेत रूपांतर करतात आणि तो सिग्नल एका ठरावीक क्रमाने नॉबांमधून जातो. बहुतेक ॲक्टिव्ह बेस गिटारींत हा क्रम असा असतो : दोन पिकअप, त्यांचे मिश्रण करणारा ब्लेंडचा नॉब किंवा दोन स्वतंत्र व्हॉल्यूम, त्यानंतर बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारे आणि त्याचे पट्टे घडवणारे सर्किट) आणि शेवटी जॅक. मास्टर व्हॉल्यूम काही वाद्यांत प्रीॲम्पच्या आधी, तर काहींत नंतर असतो. हा क्रम लक्षात ठेवण्याचे कारण साधे आहे. ब्लेंडवर गमावलेली गोष्ट पुढचा ईक्यू (इक्वलायझर, म्हणजे बेस-मिड-ट्रेबलचे नॉब) परत आणू शकत नाही, तो फक्त आलेल्या सिग्नलमधील पट्टे कमी-जास्त करतो. म्हणून आवाज नेहमी तारेकडून जॅककडे, म्हणजे वाटेच्या सुरुवातीपासून घडवत जावा.

ॲक्टिव्ह या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. बहुतांश वाद्यांत पिकअप साधे पॅसिव्हच असतात आणि फक्त प्रीॲम्पला बॅटरी लागते. ईएमजी कंपनीच्या पिकअपसारख्या पिकअपमध्ये मात्र एक छोटा प्रीॲम्प पिकअपच्या आवरणातच असतो. पहिल्या प्रकारात बॅटरी संपली तरी प्रीॲम्पला बगल देणारा पॅसिव्ह स्विच असल्यास वाद्य वाजते. दुसऱ्या प्रकारात बॅटरी संपली की आवाज बंद. आपले वाद्य कोणत्या प्रकारचे आहे हे कार्यक्रमाच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

इतिहासाची थोडी ओळख इथे उपयोगी पडते, कारण जुन्या रचना आजच्या महागड्या वाद्यांतही दिसतात. १९५१ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर एक व्हॉल्यूम आणि एक टोन इतकेच होते. १९६० मध्ये जॅझ बेस आला, त्यावर सुरुवातीला एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते आणि काही काळातच त्यांच्या जागी दोन व्हॉल्यूम व एक टोन ही तीन नॉबांची मांडणी आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अलेम्बिक कंपनीने वाद्यातच ॲक्टिव्ह सर्किट बसवले आणि १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने तीच कल्पना मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणली. आज हाती येणारे पाच नॉबांचे वाद्य हे या घराण्यांचे मिश्रण असते.

पहिली पायरी : नॉबांची ओळख परेड

वाद्य ॲम्पला जोडावे, ॲम्पचा आवाज अगदी कमी ठेवावा आणि ॲम्पवरील ईक्यू मध्यावर आणून पुढे संपूर्ण तपासणी होईपर्यंत त्याला हात लावू नये. ॲम्पचा मध्य म्हणजे खरोखर सपाट प्रतिसाद असेलच असे नाही, पण तो बदलत नाही, एवढे पुरेसे आहे. ॲम्पवर ॲक्टिव्ह वाद्यासाठी वेगळे इनपुट किंवा पॅडचे बटण असेल, तर ते सिग्नल साधारण १० ते १५ डेसिबलने कमी करते. इनपुटचा लाल दिवा वारंवार लागत असेल तरच ते वापरावे. केवळ वाद्यावर ॲक्टिव्ह लिहिले आहे म्हणून ते दाबण्याची गरज नाही.

आता एका लहान स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पिकअपला हलकेच टिचकी द्यावी. जो पिकअप चालू आहे, त्यातून स्पीकरमध्ये टक्क असा ठोसर आवाज येईल. चुंबक स्क्रूड्रायव्हर ओढतो, म्हणून हात सैल सोडू नये. एक-एक नॉब फिरवत ही टिचकी देत गेले, की ब्लेंड कोणता आणि त्याची कोणती बाजू नेककडील पिकअपची, हे दोन मिनिटांत ठरते. ब्लेंडच्या नॉबलाही बहुधा मध्यावर खटका असतो आणि चांगल्या ब्लेंडमध्ये त्या मध्यावर दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असतात. मध्यापासून एका बाजूला फिरवले की दुसऱ्या बाजूचा पिकअप हळूहळू कमी होतो.

उरलेले नॉब ओळखण्यासाठी सगळ्यांत खालच्या सुराची, म्हणजे सर्वांत जाड, मोकळी तार वाजवून तो नॉब सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा आणि मग हेच सगळ्यांत वरच्या सुराच्या बारीक तारेवर करावे. दुहेरी नॉब असल्यास वरची आणि खालची चकती वेगवेगळी तपासावी. नॉब वर ओढला जातो का, हेही पाहावे. पुश-पुल नॉबमध्ये ॲक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच दडलेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि कित्येक वादकांना आपल्या वाद्यावर तो आहे हे खूप उशिरा कळते.

दुसरी पायरी : शून्य शोधणे

पॅसिव्ह व्हॉल्यूम आणि पॅसिव्ह टोन यांचे शून्य पूर्ण उजवीकडे असते, कारण हे नॉब फक्त काढून घेऊ शकतात. घट-वाढ करणाऱ्या ॲक्टिव्ह नॉबचे शून्य मध्यावर असते. मात्र काही प्रीॲम्प फक्त वाढ करतात. सॅडोव्स्की कंपनीचा प्रीॲम्प याचे प्रसिद्ध उदाहरण असून त्यात बेस आणि ट्रेबल दोन्ही नॉब पूर्ण डावीकडे असले की प्रतिसाद सपाट असतो. अशा वाद्यावर नॉब मध्यावर ठेवून ते सपाट आहे असे मानणे म्हणजे माझ्याच चुकीची धाकटी आवृत्ती.

खटका नसेल किंवा खटक्यावर विश्वास नसेल, तर कानाने शोधावे. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच असेल, तर एकच सूर वाजवत तो इकडून तिकडे करावा आणि दोन्ही स्थितींतला पोत शक्य तितका सारखा होईपर्यंत ईक्यूचे नॉब थोडे थोडे हलवावेत. आवाजाच्या पातळीतला फरक राहू शकतो, त्याकडे दुर्लक्ष करावे. पोत जुळला ते स्थान म्हणजे शून्य. नॉबच्या कडेला रंगाचा एक सूक्ष्म ठिपका देऊन ते कायमचे नोंदवून ठेवावे. काही वाद्यांत खटका आणि विजेच्या दृष्टीने असलेला खरा मध्य यांत थोडा फरक आढळतो, तो या पद्धतीने लक्षात येतो.

पॅसिव्ह टोनचा नॉब

अनेक उत्तम ॲक्टिव्ह वाद्यांवर ईक्यूच्या जोडीला एक जुन्या धर्तीचा पॅसिव्ह टोनही दिलेला असतो. मला स्वतःला तो वाद्यावरचा सर्वांत संगीतमय नॉब वाटतो, आणि तो फक्त वरचा पट्टा कापतो हे त्याचे अपुरे वर्णन आहे.

पिकअपचे वेटोळे म्हणजे एक इंडक्टर. समजा त्याचा इंडक्टन्स ४ हेन्री आहे. गिटारच्या केबलला स्वतःची कपॅसिटन्स असते, साधारण दर मीटरला १०० पिकोफॅरड. या दोहोंच्या जोडीतून एक अनुनाद तयार होतो, म्हणजे एका विशिष्ट कंपनसंख्येपाशी आवाजाला उंचवटा येतो आणि त्याच्या वर प्रतिसाद झपाट्याने उतरतो. ५ मीटरच्या केबलला हा उंचवटा ३,५०० हर्ट्झच्या आसपास पडतो. तीच केबल १० मीटरची केली की तो २,५०० हर्ट्झपर्यंत खाली येतो. केबल बदलल्यावर आवाज बदलला, असे पॅसिव्ह वाद्याचा वादक म्हणतो तेव्हा तो भ्रम नसतो.

टोनचा नॉब बंद करत नेला की या रचनेत एक मोठा कपॅसिटर हळूहळू सामील होतो. त्याचे प्रचलित मूल्य ०.०४७ मायक्रोफॅरड असते आणि त्याच्या जोडीला २५० किलोओहमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा कमी-जास्त होणारा रोधक. नॉब पूर्ण बंद झाल्यावर अनुनादाचा तो उंचवटा आपल्या उदाहरणात थेट ३७० हर्ट्झच्या आसपास येऊन बसतो. म्हणून पूर्ण बंद टोनवर आवाज नुसता मंद न होता गोल, भरीव आणि काहीसा नाकात बोलल्यासारखा होतो. ईक्यूवर ट्रेबल पूर्ण कापून हा परिणाम मिळत नाही, कारण त्यात उंचवटा जागेवरून सरकत नाही.

या नॉबचा प्रवास समान वाटलेला नसतो. दहापासून चारपर्यंत जेमतेम फरक जाणवतो आणि खरी गंमत शेवटच्या तिसऱ्या भागात असते, म्हणून तिथे नॉब केसाएवढा सरकवण्याची सवय लावावी. काही वाद्यांत नो-लोड पॉट असतो. तो पूर्ण उजवीकडे नेला की एक खटका लागतो आणि टोनचे सर्किट सिग्नलपासून पूर्ण वेगळे होते. त्या शेवटच्या खटक्यावर वरचा पट्टा एकदम उजळतो, ते वाद्यातील बिघाडाचे लक्षण नाही.

प्रीॲम्प चालू असताना केबलचा हा प्रश्न बहुतांशी मिटतो, कारण प्रीॲम्प पिकअप आणि केबल यांच्यामध्ये उभा राहतो आणि कमी इम्पिडन्सने सिग्नल पुढे ढकलतो. ईक्यू सपाट ठेवूनही ॲक्टिव्ह स्थितीत आवाज अधिक उघडा वाटतो, त्याचे बरेचसे श्रेय याला आहे.

ब्लेंड : आवाजाचे निम्मे काम इथेच

दोन्ही पिकअप एकाच तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात. काही सुरेल अंश एका जागी वर जात असताना दुसऱ्या जागी खाली जात असतात आणि दोन्ही मिसळले की ते एकमेकांना पुसतात. म्हणून दोन्ही पिकअप समान उघडे ठेवले की मध्य पट्टा थोडा पोकळ होतो, वरचा भाग काचेसारखा स्वच्छ होतो आणि स्लॅपला, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याला, तो शोभून दिसतो. एकट्या ब्रिजकडील पिकअपमध्ये मध्य पट्टा दाट असतो, सूर टोकदार असतो, पण खर्ज बारीक होतो. नेककडील पिकअप याच्या उलट.

इथे एक प्रयोग करून पाहावा. ब्लेंड मध्यावरून ब्रिजच्या बाजूला अगदी थोडा, घड्याळातील अर्ध्या तासाएवढा सरकवावा. पुसले जाणे अपूर्ण राहते, पोकळी भरून येते आणि सूर पुढे येतो. ईक्यूवर मिड, म्हणजे मध्य पट्टा, वाढवण्याआधी नेहमी हे करून पाहावे, कारण इथे नवे काही न वाढवता आधीपासून असलेलेच परत मिळते. पिकअप सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) जातीचे असतील, तर याची किंमत थोड्या गुणगुणीच्या रूपात मोजावी लागते. दोन्ही समान उघडे असताना त्यांची गुणगुण बहुधा एकमेकांना रद्द करते, तोल ढळला की ती परत ऐकू येते.

बेस आणि ट्रेबल

खर्ज किती खाली असतो, याची कल्पना आकड्यांनी यावी. चार तारांच्या बेस गिटारची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झ, ए ५५, डी ७३.४ आणि जी ९८ हर्ट्झवर असते. पाच तारांच्या वाद्याची खालची बी ३०.९ हर्ट्झवर. जी तारेच्या चोविसाव्या फ्रेटवरचा सूरसुद्धा ३९२ हर्ट्झच्या वर जात नाही. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या आसपास काम करणारा ट्रेबलचा नॉब एकाही सुराच्या मूळ कंपनाला शिवत नाही. तो फक्त बोटाचा किंवा पिकचा आघात, फ्रेटवरची खणखण, नव्या तारांची झळाळी आणि सरकत्या हाताची खरखर कमी-जास्त करतो. हा नॉब स्पष्टपणा वाढवतो असे वाटून पुष्कळ जण तो चढवतात, आणि वाढतो तो खडखडाट.

बेसचा नॉब बहुतेक प्रीॲम्पमध्ये शेल्फ प्रकारचा असतो, म्हणजे ठरावीक बिंदूच्या खालचा सगळा भाग एकत्र उचलतो किंवा दाबतो. त्याबाबत मी सर्वांत जास्त सावध राहायला सांगेन. १२ डेसिबलची वाढ म्हणजे व्होल्टेज चौपट आणि स्पीकरपाशी लागणारी शक्ती सोळापट. घरी १० वॉटवर आरामात चाललेल्या ॲम्पकडे आपण त्या एका पट्ट्यात १६० वॉट मागत असतो, आणि तेही अशा कंपनसंख्येवर जिथे अनेक लहान स्पीकर नीट बोलतच नाहीत. आवाज वाढत नाही, स्पीकरचा पडदा मात्र व्यर्थ लांबवर हलतो आणि उरलेले सूर गढूळ होतात. आपला कान खालच्या सुराची ओळख त्याच्या वरच्या अंशांवरून पटवतो. ४१ हर्ट्झचे मूळ कंपन अगदी क्षीण असले, तरी ८२ आणि १२३ हर्ट्झचे अंश स्वच्छ असतील तर ई तार ई तारच ऐकू येते.

घरी बसवलेला आवाज मंचावर फसतो, यामागेही कानच आहे. कमी पातळीवर माणसाचा कान खर्जाला बहिरा असतो. पातळी वाढली की तो खर्ज प्रमाणापेक्षा जास्त ऐकू लागतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजमापांसह मांडले. रात्री हळू आवाजात सराव करताना बेसचा नॉब चढवावासा वाटतो तो यामुळे, आणि तोच नॉब तसाच ठेवून मोठ्या आवाजात वाजवले की सगळे घुमू लागते. म्हणून बेसच्या नॉबची अंतिम जागा प्रत्यक्ष वाजवण्याच्या पातळीवरच ठरवावी.

मिड : दुर्लक्षित पण सर्वांत कामाचा

एकट्याने वाजवताना मिड कमी केला की आवाज भव्य वाटतो. तीच जागा ठेवून वाद्यवृंदात वाजवायला गेले की बेस गिटार गायब होते. खाली किक ड्रम, वर झांजा आणि मध्ये गिटार व गाणारा यांनी आपापली जागा घेतलेली असते, आणि आपण सूर ओळखू येण्याचा नेमका पट्टाच कापून बसलेलो असतो. वादक मग बेसचा नॉब चढवतो, गढूळपणा वाढतो, बाकीचे आपापला आवाज वाढवतात. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, आणि केलाही आहे, की स्वतःला ऐकू येत नसेल तर पहिला हात मिडकडे जावा असा मी नियमच केला आहे.

चांगल्या प्रीॲम्पमध्ये मिडची कंपनसंख्या निवडण्याचा स्विच किंवा वेगळा नॉब असतो. ॲग्विलार कंपनीच्या ओबीपी-३ या प्रीॲम्पमध्ये ४०० आणि ८०० हर्ट्झ असे दोन पर्याय आहेत, इतर प्रीॲम्पमध्ये आकडे वेगळे असतात. २५० हर्ट्झच्या आसपास ऊब आणि भरीवपणा असतो, पण जास्त झाला तर खोक्यातून आल्यासारखा आवाज येतो. ४०० ते ५०० हर्ट्झवर सुराचे अंग असते. ८०० ते १,००० हर्ट्झवर ती गुरगुर आणि बोटांची बोली असते, जी फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) वाद्यावर जवारीसारखी ऐकू येते.

ही स्थाने पुस्तकी आकड्यांवरून न ठरवता शोधून काढावीत. मिड पूर्ण वाढवावा, एखादी ओळखीची ओळ सतत वाजवत ठेवावी आणि कंपनसंख्येचा स्विच किंवा नॉब फिरवावा. सर्वांत जास्त खटकणारी जागा सापडली की नॉब शून्यावर आणून तिथेच दोन-तीन डेसिबल घट करून ऐकावे. सर्वांत आवडलेली जागा सापडली तर तिथे तेवढीच वाढ. घट आधी, वाढ नंतर, असा क्रम ठेवला तर प्रीॲम्पवर आणि ॲम्पवर ताण कमी पडतो. नॉबवर डेसिबलच्या खुणा नसतात, म्हणून मध्यापासून घड्याळातील एक तास एवढी हालचाल पहिला अंदाज म्हणून धरावी.

लहान स्विच

पिकअपजवळील छोटा टॉगल स्विच बहुधा हंबकरच्या, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या, वेटोळ्यांची जोडणी बदलतो. सीरिजमध्ये (एकामागोमाग जोडणीत) आवाज मोठा आणि मध्य पट्टा जाड होतो, पॅरललमध्ये (समांतर जोडणीत) आवाज थोडा लहान पण वरचा भाग अधिक मोकळा होतो. सिंगल स्थितीत एकच वेटोळे चालू राहते आणि गुणगुण येऊ शकते. जोड्या ऐकताना मोठ्या आवाजाची जोडी कानाला आपोआप चांगली वाटते, त्यामुळे प्रत्येक वेळी व्हॉल्यूम सारखा करूनच तुलना करावी. हाच नियम ईक्यूच्या प्रत्येक तुलनेलाही लागू आहे.

अलेम्बिक आणि वॉल यांसारख्या कंपन्यांच्या वाद्यांवर नेहमीच्या ईक्यूऐवजी लो-पास फिल्टर असतो. त्याचा नॉब एक सीमा ठरवतो, तिच्या खालचे सर्व जाऊ देतो आणि वरचे उतरवतो. सोबतचा क्यू स्विच किंवा ओढता येणारा नॉब त्या सीमेवर उंचवटा देतो. इथे पूर्ण उजवीकडे म्हणजे पूर्ण उघडे आणि तेच शून्य. पॅसिव्ह टोनच्या वर्णनात अनुनाद सरकण्याची जी गोष्ट आली, तीच इथे इच्छेनुसार आणि अचूक करता येते. ज्यांना तीन पट्ट्यांची सवय आहे त्यांनी आठवडाभर फक्त हा एक नॉब वापरावा, मगच मत बनवावे.

प्रत्यक्ष आवाज बसवताना

सगळे नॉब शून्यावर आणून सुरुवात करावी. आधी हात तपासावा, कारण ब्रिजजवळ छेडलेली तार आणि नेकजवळ छेडलेली तार यांतला फरक बहुतेक नॉबांच्या फरकापेक्षा मोठा असतो. मग ब्लेंड, मग पॅसिव्ह टोन असल्यास तो, मग मिड, आणि बेस व ट्रेबल सर्वांत शेवटी. प्रत्येक बदलानंतर नॉब शून्यावर परत नेऊन खरोखर सुधारणा झाली का ते ऐकावे. न झाल्यास तो शून्यावरच सोडावा. तीनपेक्षा जास्त नॉब शून्यापासून दूर गेले असतील, तर बहुधा सुरुवातीचा ब्लेंड चुकलेला असतो.

मंचावर आणखी एक गोष्ट नडते. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत साधारण ८.३ मीटर असते, म्हणजे खोलीच्या मापाएवढी. त्यामुळे एका जागी खर्ज दुप्पट, तर दोन पावलांवर तो जवळजवळ नाहीसा, असे घडते. कोपऱ्यातला ॲम्प खर्ज आणखी फुगवतो. नॉबला हात लावण्यापूर्वी लांब केबल घेऊन श्रोत्यांच्या जागेपर्यंत चालत जावे, ॲम्प कोपऱ्यातून हलवावा, आणि मगच बेसचा नॉब कमी करायचा की नाही ते ठरवावे. ध्वनिमुद्रणात तर ईक्यू शक्य तितका सपाट ठेवून ब्लेंड आणि हात यांवर भर द्यावा. नंतर पट्टे वाढवता येतात, पण वाद्यातच विकृत झालेला सिग्नल सरळ करता येत नाही.

ही विकृती येते कुठून, तर बॅटरीच्या मर्यादेतून. ९ व्होल्टच्या बॅटरीवर सिग्नलला वर-खाली जास्तीत जास्त साडेचार व्होल्टची जागा मिळते, प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच. स्लॅपच्या एका जोरदार फटक्याला पिकअपने १ व्होल्ट दिले आणि ईक्यूने त्या पट्ट्यात १२ डेसिबल वाढ केली, की ४ व्होल्ट झाले. छत डोक्याला टेकलेच. म्हणून काही प्रीॲम्प दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्टवर चालवता येतात. सौम्य वाजवणाऱ्याला त्याचा फरक क्वचितच कळेल, जोरात वाजवणाऱ्याला लगेच कळतो. प्रीॲम्पला १८ व्होल्ट चालतात का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय दुसरी बॅटरी जोडू नये.

बॅटरी आणि मागचे झाकण

बहुतेक ॲक्टिव्ह वाद्यांत केबल जॅकमध्ये घातली की प्रीॲम्प चालू होतो, नॉबची स्थिती काहीही असो. वाजवून झाल्यावर केबल काढली नाही तर बॅटरी रात्रभर झिजत राहते. बॅटरी मरत आली की आधी जोरदार फटक्यांवर आवाज फाटतो, मग सूर आकसल्यासारखे होतात आणि शेवटी आवाज विरतो. एका कार्यक्रमात माझी बॅटरी तिसऱ्या गाण्यात गेली. पॅसिव्ह स्विच ओढून वाजवणे चालू ठेवले, पण पॅसिव्ह टोन कुठे ठेवलेला आहे हे मी कधी पाहिलेच नव्हते आणि तो पूर्ण बंद निघाला. अर्धे गाणे घोंगडीखालून वाजवल्यासारखे गेले. तेव्हापासून सराव करताना दर वेळी काही मिनिटे पॅसिव्ह स्थितीतही वाजवतो आणि नव्या बॅटरीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो.

मागचे झाकण उघडल्यावर प्रीॲम्पच्या पट्टीवर कधी कधी एक बारीक खाचेचा ट्रिमर दिसतो. तो बहुधा प्रीॲम्पची एकूण पातळी ठरवतो, आणि ॲक्टिव्ह व पॅसिव्ह स्थितींतला आवाजाचा फरक मिटवायला त्याचा उपयोग होतो. केबल जोडलेली ठेवून, लहान स्क्रूड्रायव्हरने तो अगदी थोडा फिरवावा आणि स्विच इकडून तिकडे करत दोन्ही पातळ्या जुळवाव्यात. फिरवण्यापूर्वी त्याची मूळ स्थिती फोनवर छायाचित्र काढून ठेवावी, आणि झाकण लावताना बॅटरीची तार स्क्रूखाली चिरडत नाही ना, ते पाहावे.